शेकाट्याच्या पायातला दोरा

"दोरा कुठे गेला?"

"कसला दोरा?"

"कसला म्हणजे? या फोटोत दोरा होता, मावशी. इथून, या कोपऱ्यातून, असा तिरका थेट पक्ष्याच्या पायापर्यंत. पांढरा. चकाकत होता. कुठे गेला तो?"

"पांढरी रेघ होती. निगेटिव्हला ओरखडा गेला की कागदावर पांढरी रेघ उमटते. ती भरायची, हेच माझं काम. भरली."

"ओरखडा! तुम्हाला तो ओरखडा वाटला?"

"आवाज खाली," काउंटरमागून सीताराम आगाशे म्हणाले. "शेजारी दातांचा दवाखाना आहे. तिथे आधीच लोक घाबरलेले असतात."

सदाशिव पेठेतला तो स्टुडिओ म्हणजे लांबट बोळकांडंच. पुढे काउंटर, मधे पडदा आणि स्टूल, मागे अंधारी खोली. खिडकीपाशी रतनबाईंचं टेबल. टेबलावर तीन ब्रश, काळ्या रंगाच्या बशा, भिंग, आणि आत्ता, वीस बाय चोवीस इंचांचा एक कृष्णधवल फोटो. काळंभोर पाणी, त्यात लांब काडीसारख्या पायांचा एक शेकाट्या, पंख अर्धवट उघडलेले, मान आभाळाकडे ताणलेली. देखणा. नाचतोय असं वाटावं इतका देखणा.

आणि हीच तर योगेश वानखडेची तक्रार होती.

"नाचतोय तो आता!" योगेशनं कोपराला अडकवलेलं हेल्मेट टेबलावर आदळलं. "मावशी, तो अडकला होता. नायलॉनच्या जाळ्यात. सुटायला धडपडत होता. शनिवारी प्रदर्शनात हा सगळ्यात मोठा फोटो लागणार आहे. खाली काय लिहिलंय माहितीय? 'जाळ्यात अडकून मेलेला शेकाट्या, खडकवासला.' आणि फोटोत जाळंच नाही! लोक म्हणतील, वा, काय छान डान्स!"

"मग दुसरी प्रिंट काढा. निगेटिव्ह आहे ना तुमच्याकडे?"

"काढीनच. पण आधी मला सांगा, हे असं झालं कसं? एक वेळ रेघेचं मी समजू शकतो. पण इथे खाली, पाण्यावर रबराचा तुकडा तरंगत होता. तिकोनी. जाळ्याचा बोया. जुन्या चपलेचा कापलेला. तोही गायब आहे." योगेश टेबलावर वाकला. चिडला की त्याचं अकोला बाहेर येई. "ओरखड्याले चप्पल बांधलेली असते काय, मावशी? काहून केलं हे?"

रतनबाईंनी ब्रश उचलला, त्याचं टोक ओठांत धरून टोकदार केलं आणि परत ठेवला. करण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला सवय होती.

त्या हाताची गोष्ट अशी, की तो फोटोच्या धंद्यासाठी तयारच झाला नव्हता. तो जाळ्यांसाठी तयार झाला होता. रतनचे वडील मुठा नदीत जाळी टाकत. शनिवार पेठेमागच्या घाटावर बसून फाटकी जाळी विणायचं काम चौदा वर्षांच्या रतनकडे. एकदा आगाशांचे वडील, थोरले आगाशे, घाटाचे फोटो काढायला आले आणि कॅमेरा तसाच ठेवून तिच्या बोटांकडे बघत बसले. पोरगी भावाशी भांडत होती, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती, फक्त हाताकडे बघत नव्हती. आणि हात एकामागून एक भोकं बुजवत चालला होता.

"हिला माझ्याकडे पाठवा," थोरले आगाशे म्हणाले.

"फोटोवाल्याकडं पोरगी काय करनार?" वडिलांनी डोळे बारीक केले.

"इथे करते तेच. भोकं बुजवील."

निगेटिव्हवर बसलेली धूळ, केस, ओरखडे, सगळं छापलेल्या फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचं होऊन उतरतं. बारीक ब्रशानं, टिंब टिंब रंग देत ते ठिपके असे भरायचे की तिथं काही होतं हे देवालाही कळू नये. पहिलं वर्षभर रतन घरून निघताना हातांना लिंबू चोळून निघायची. माशाचा वास येतो असं पेठेत कोणी तोंडावर म्हटलं नसतं. पण खिडकी उघडली असती. पेठेतली माणसं खिडकी उघडून बोलतात.

धुळीनंतर माणसांच्या चेहऱ्यांचा नंबर आला. देवीचे व्रण. मुलीच्या दाखवायच्या फोटोतला ओठावरचा तीळ. मोडलेल्या लग्नातला नवरा, ज्याला अख्खाच काढून त्याच्या जागी कुंडीची सावली वाढवली. अडतीस वर्षं तिनं पुण्यातल्या लोकांना त्यांच्याहून बरं केलं. परिणाम एवढाच झाला की रतनबाईंचा कुठल्याच फोटोवर विश्वास उरला नाही. कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे मान तिरकी करून बघत: ब्रश कुठून फिरलाय? नवरा वारला तेव्हा त्याचा फोटो भिंतीवर लावायला त्यांनी दोन वर्षं घेतली. हातात धरला की त्यांना आपलीच टिंबं दिसत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. एकदा एका घरचे लोक मेलेल्या आजोबांचा फोटो घेऊन आले. जिवंतपणी कधी काढलाच नव्हता. "डोळे तेवढे उघडे करून द्या." थोरले आगाशे असेपर्यंत ते काम दुसरा माणूस करी, तो सोडून गेला होता. रतनबाईंनी फोटो परत केला. "मिटलेत ते मिटलेले राहू देत. मी काढते. घालत नाही."

हे वाक्य पेठेत पसरलं आणि रतनबाईंची अब्रू होऊन बसलं.

दरम्यान मुठेचं पाणी आधी काळं झालं, मग जाड झालं, मग त्यावर फेस आला. वडिलांनी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. धाकटा भाऊ सोनबा खडकवासल्याला धरणामागच्या पाण्यावर गेला आणि काठाला पत्र्याचं खोपटं बांधून राहिला. नदी मेली तेव्हा तिचा फोटो काढायला कोणी आलं नव्हतं. आलं असतं तरी फेस पुसायला फोटो रतनबाईंकडेच आला असता.

मग लक्ष्मी रोडवर एका तासात फोटो देणारी मशिनं आली. मागोमाग कॉम्प्युटरवर नवरी गोरी करणारी मुलं आली. स्टुडिओकडे उरले पासपोर्ट, आणि योगेशसारखे दोनचार वेडे. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, शनिवार-रविवार पाण्याकाठी पोटावर पडून पक्षी. महिन्याला एक फोटो घेऊन यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा रतनबाईंनी प्रिंट खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "यात काय भरू? यात काही नाहीच भरायला." तो लाजला होता. तेव्हापासून मावशी. पक्ष्यांची नावं तो सांगायचा, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो ते त्या सांगायच्या. "तुम्हाला कसं माहीत?" म्हणून त्यानं एकदा विचारलं. "पेपरात येतं," त्या म्हणाल्या होत्या.

ते उत्तर आता योगेशच्या डोक्यात फिरत होतं. त्याचे डोळे तेच सांगत होते.

"मला खरं सांगा. कोणी सांगितलं तुम्हाला हे पुसायला?"

"कोण सांगणार?"

"प्रदर्शनानंतर सह्या घेणार आहोत आम्ही. जलाशयात जाळी टाकायला बंदी करा म्हणून. अधिकारी येणार आहेत. पुष्कळांच्या पोटात दुखतंय. कोणी येऊन गेलं का इथे?"

"इथे," आगाशे पेपर न हलवता म्हणाले, "तुमच्याशिवाय आठवडाभर कोणी आलेलं नाही. आलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. पुढचं ते योगेशकडे न बघता बोलले. "रतनबाई, एक विचारू? ओरखडा फिल्मच्या लांबीनं जातो. सरळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे मला तुम्ही शिकवलंत. ही रेघ तिरकी होती. छापताना पाहिली मी."

रतनबाईंनी चष्मा काढला.

"वय झालं माझं."

"असेल." आगाशांनी काउंटरवरची धूळ बोटानं पुसली. "सोनबा कसा आहे तुमचा? अजून तिकडेच असतो ना, खडकवासल्याला?"

योगेश एकदा आगाशांकडे, एकदा रतनबाईंकडे बघत होता.

"कोण सोनबा?"

"माझा भाऊ," रतनबाई म्हणाल्या. "मासे धरतो."

"ओह्." योगेश स्टुलावर बसला. "पेपरात येतं! दोन वर्षं मी इथे येऊन राहिलो, मावशी. दोन वर्षं! आणि तुम्ही एकदाही..."

"तुम्ही विचारलंत का, माझ्या घरी कोण म्हणून?"

"म्हणजे ते जाळं त्याचं."

"त्याचं. चप्पल तिकोनी फक्त तोच कापतो. बाकीचे चौकोनी कापतात."

त्या फोटोवरून ब्रश फिरवताना मंगळवारी दुपारी त्यांचा हात थांबला होता. फार नाही, ब्रश सुकण्याइतका. तीन वेळा सांगितलं होतं त्यांनी सोनबाला, फाटकं जाळं पाण्यात सोडून देऊ नकोस. "ताई, जुनं हाय, कुटं नेऊन टाकू?" तो म्हणायचा. "तुमच्या पेठंत?" मग वाटलं, बंदी आली तर तो कुठे जाईल. माझा बावन्न वर्षांचा हात. पोटापाण्याची अजून पाचसात वर्षं. आणि भाऊ? त्याला जाळ्याशिवाय काय येतं? पत्र्याचं खोपटं उचलून तो माझ्या शनिवार पेठेतल्या एका खोलीत येईल, आणि रोज संध्याकाळी पुलावर जाऊन त्या फेसाकडे बघत उभा राहील. मग ब्रश पुन्हा रंगात बुडाला. मी काढते. घालत नाही. अडतीस वर्षांत हे वाक्य इतकं सोयीचं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही पुरावा नष्ट केलात," योगेश हळू आवाजात म्हणाला. ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं. "तुमच्या भावासाठी. एक मुका जीव मेला आणि तुम्ही त्याचा..."

"तुमच्या प्रदर्शनाचं कार्ड आहे का जवळ?"

"काय?"

"मालक, कार्ड द्या ते."

आगाशांनी काचेखालचं निमंत्रण काढून दिलं. गुळगुळीत, हिरवं, वर भरारी घेणारा पक्षी. रतनबाईंनी भिंग लावलं आणि तळाची बारीक अक्षरं वाचली. "सौजन्य: सरोवर सहवास. जलाशयाकाठी स्वप्नातले बंगले." त्यांनी भिंग बाजूला केलं. "सोनबाच्या खोपट्यामागेच यांचा तारेचा कंपाउंड आहे. गेल्या पावसाळ्यात दोनदा येऊन गेली माणसं, जागा सोड म्हणून. माशांचा वास येतो म्हणे, गिऱ्हाइकाला."

"स्पॉन्सर लागतोच, मावशी. हॉल काय फुकट मिळतो?" पण त्याचा चेहरा पडला होता. "आणि त्यांचा माझ्या फोटोशी काय संबंध? त्यांनी मला हा फोटो काढायला नाही सांगितलं."

"कोणता मोठा लावायचा, ते कोणी सांगितलं?"

योगेशनं कार्ड ओढून घेतलं. हे आपण आधी का नाही विचारलं, असं स्वतःलाच विचारत असावा. मग एकदम उसळून म्हणाला, "ठीक आहे, ते वाईट असतील. पण पक्षी तर मेला ना? ते तर खोटं नाही? तुम्हाला माहितीय, आमच्या ऑफिसात तीन वर्षं मी लोकांना सांगत होतो, पाणी घाण होतंय, थवे कमी होतायत. माना डोलवायचे आणि जेवायला जायचे. एक फोटो लावला भिंतीवर, एकच, आणि अख्खा मजला थांबला. चाळीस लोक माझ्याबरोबर काठावरचं प्लास्टिक उचलायला आले. बोलून नाही होत, मावशी. दिसावं लागतं. आणि सुंदर दिसावं लागतं, नाहीतर मान वळवतात."

रतनबाईंना यातलं अक्षर न् अक्षर पटलं. लोक सुंदर दिसलं की थांबतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणूनच त्यांना शंका आली.

"सगळा रोल दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर."

"एकच फ्रेम महत्त्वाची आहे. बाकीच्या..."

"माझ्याकडे आहे सगळा," आगाशे म्हणाले आणि खणातून एक कागद काढला. छत्तीसच्या छत्तीस फोटो, बोटाच्या पेराएवढे, एका पानावर ओळीनं छापलेले. प्रत्येक रोलचं असं पान ते काढून ठेवत. योगेशचा हात पुढे झाला होता. पण आगाशांनी पान त्याच्या हातावरून पलीकडे, रतनबाईंसमोर ठेवलं.

त्यांनी पहिल्या फोटोवर भिंग ठेवलं. मग दुसऱ्यावर. घाटावर जाळं तपासावं तसं, एकेक घर.

"हा पाण्यातला खुंट," त्या म्हणाल्या. "पहिल्या फोटोत त्याची सावली वीतभर. संध्याकाळ नाही अजून. पक्षी उभा, दोन्ही पंख वर. जोर आहे त्याच्यात." भिंग सरकलं. "हा अकरावा. सावली हातभर. हा वीस. पक्षी बसलाय पाण्यात. हा एकवीस, परत उठलाय." भिंग पुढे गेलं. "आणि हा तुमचा मोठा केलेला. अठ्ठाविसावा. सावली पार पक्ष्यापर्यंत पोचली. दीड तास झाला असेल, मालक?"

आगाशे वाकून बघत होते. "जास्तच."

"उजेड नव्हता आधी," योगेश म्हणाला. "पाणी पांढरं दिसत होतं. पांढऱ्यावर पांढरा दोरा काय दिसणार? सूर्य डोंगराला टेकल्याशिवाय..." तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. "आणि गाळ होता. मांडीपर्यंत. मला पोहता येत नाही. मी जाऊ शकत नव्हतो तिथे."

"खरं आहे. त्या बाजूला गाळ आहेच."

त्या उठल्या. फळीवरची अमोनियाची बाटली काढली, वाटीत पाणी घेतलं, त्यात चार थेंब टाकले. उग्र वास सुटला. आगाशांनी न बोलता खिडकी उघडली. कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवून रतनबाईंनी फोटोच्या कोपऱ्यावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. उचलला तेव्हा कापूस काळा झाला होता आणि पाण्यावर तिकोनी तुकडा तरंगत होता. मग बोळा तिरका सरकत गेला. अडतीस वर्षांत बुजवलेलं भोक त्यांनी कधी पुन्हा उघडलं नव्हतं. दोरा टिंबाटिंबानं परत आला, पक्ष्याच्या पायापर्यंत गेला, पायाला दोन वेढे घालून घट्ट झाला.

आता तो नाचत नव्हता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "लावा शनिवारी. ओरखडा नाही तो. मला माहीत होतं."

योगेश काही बोलायला गेला, पण त्यांनी पेन्सिल उचलली होती. फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत, त्या सावकाश लिहीत होत्या आणि लिहिताना मोठ्यानं वाचत होत्या. "दोरा सोनबाच्या फाटक्या जाळ्याचा. त्यानं पाण्यात टाकायला नको होता. त्याच्या बहिणीनं हा फोटोतून काढला होता."

"रतनबाई," आगाशे म्हणाले, "स्टुडिओचं नाव..."

"नाव नाही घातलं तुमचं." त्यांनी पेन्सिल योगेशपुढे धरली. "माझं झालं. आता खाली तुमचं लिहा. पहिला फोटो किती वाजता, हा किती वाजता. एवढंच. मग त्या साहेब लोकांना काय बंदी करायची ती करू दे. मी सोनबाला सांगेन, चूक आपली होती, भरली."

"फोटोवर असं कोणी लिहितं का, मावशी?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "लोक फोटो बघायचे सोडून वेगळंच... सगळं कँपेन बोंबलेल. त्या पक्ष्यासाठीच करून राहिलो ना मी हे?"

"त्याच्यासाठीच ना? मग एकच विचारते." त्यांनी भिंग पुन्हा पानावर ठेवलं आणि ते पान त्याच्याकडे फिरवलं. "पाचवा फोटो. मागे डावीकडे बघा. पत्र्याचं खोपटं. धूर निघतोय, म्हणजे सोनबा घरात आहे, चूल पेटलीय. होडी दारात आहे. गाळातून त्याची होडी जाते. तिथून हाक ऐकू येते. मी दर सणाला अलीकडच्या काठावरून मारते, दुसऱ्या हाकेला तो बाहेर येतो. दीड तासात तुम्ही एक तरी हाक मारलीत?"

योगेशनं भिंगातून पाहिलं. पेन्सिल दोघांच्या मधे, फोटोवर आडवी पडली होती.

मग त्यानं टेबलावरचं हेल्मेट उचललं. फोटो घेतला नाही, छत्तीस फोटोंचं पानही घेतलं नाही. काउंटरपाशी त्याची पावलं जराशी अडखळली. आगाशांनी फळी वर करून वाट दिली. पायरी उतरून तो रस्त्यावर गेला, आणि सदाशिव पेठेतल्या स्कूटर्सच्या गर्दीत त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत रतनबाई भिंग हातात धरून उत्तराची वाट बघत होत्या.